स्पर्शानुमेय

बाणभट्टाच्या हर्षचरिताच्या चवथ्या उच्छ्वासांत राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीचें वर्णन आलें आहे. सारा राजवाडा वस्त्रांनीं आच्छादून गेला आहे. क्षौम, बादर, दुकूल, अंशुक, नेत्र अशीं त्यांचीं नांवें कवि एकामागून एक सांगतो, आणि मग त्या सर्वांस मिळून कांहीं विशेषणें लावतो. सापाच्या कातीसारखीं, केळीच्या कोंवळ्या गाभ्यासारखीं मृदु, श्वासानें उडून जातील अशीं. आणि त्यांतच एक विशेषण असें येतें कीं, आमच्या अध्यापनाच्या उण्यापुऱ्या तीस वर्षांत त्याच्यापाशीं आम्ही एकदांही थांबलों नाहीं. तें विशेषण 'स्पर्शानुमेय' हें होय. 'अत्यंत तलम' असा त्याचा अर्थ विद्यार्थ्यांस सांगावा आणि पुढल्या समासाकडे वळावें, हा आमचा शिरस्ता. परीक्षेपुरता तो पुरेसाही होता.

सेवानिवृत्तीनंतर तोच उतारा सावकाश वाचतांना आमची चूक आमच्या ध्यानांत आली. न्यायवैशेषिकांच्या परिभाषेशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हा शब्द कवीच्या कल्पनेंतून नुकताच निघालेला वाटणार नाहीं. वायूला रूप नाहीं, म्हणून तो डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु तो अंगाला लागतो, आणि त्या स्पर्शावरून तो आहे असें अनुमान करावयाचें, हें प्राचीन वैशेषिकांचें मत. (नव्यांनीं वायूचें स्पार्शन प्रत्यक्ष मानिलें आहे, तो वाद येथें नको.) म्हणजे जी गोष्ट शास्त्रकारांनीं वायूविषयीं म्हटली तीच बाणानें उचलून वस्त्रावर ठेविली. हें कापड इतकें तलम कीं, तें कापड नव्हेच, वारा आहे. डोळ्याला सांपडत नाहीं, हाताला लागलें म्हणजे 'आहे' म्हणावयाचें. आणि गंमत अशी कीं, याच वाक्यांत पुढें त्या वस्त्रांना सहस्र इंद्रधनुष्यांची उपमा दिली आहे. इंद्रधनुष्य दिसतें पण हाताला लागत नाहीं. वायु लागतो पण दिसत नाहीं. शब्दशः घेतलें तर दोन्हीं विधानें एकमेकांस खोडून काढतात. पण कवीला तीं दोन्हीं हवीं आहेत. कारण उत्तम वस्त्र हें डोळ्यांपुढें एक असतें आणि बोटांखालीं दुसरेंच असतें, हें त्यास ठाऊक होतें.

या उताऱ्यांतील वस्त्रनामांचा शोध आपल्याकडे चांगला झाला आहे. डॉ. मोतीचंद्र यांचा प्राचीन वेशभूषेवरील ग्रंथ आणि डॉ. वासुदेवशरण अग्रवाल यांचें १९५३ सालीं प्रसिद्ध झालेलें हर्षचरिताचें सांस्कृतिक अध्ययन यांच्या आधाराशिवाय आज कोणास या विषयांत पाऊल टाकतां येणार नाहीं. तरी नांवांच्या मानानें विशेषणांकडे अभ्यासकांचें लक्ष कमी गेलें, असें आम्हांस वाटतें. नांव सांगतें तें कापड कशाचें. विशेषण सांगतें तें कसें लागतें. आणि प्राचीनांची वस्त्रपरीक्षा पाहिली तर ती पुष्कळ अंशीं हाताची परीक्षा आहे.

कौटिल्याचेंच पहा. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील राजनीतीवर ग्रंथांचे ढीग पडले. परंतु दुसऱ्या अधिकरणाच्या अकराव्या अध्यायांत, कोशांत घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेंतच, कापड व कांबळें येतात, याचें नवल फारसें कोणी केलेलें दिसत नाहीं. वंगदेशचें दुकूल पांढरें व स्निग्ध, पुंड्र देशचें काळसर व मण्याप्रमाणें स्निग्ध, असें तो सांगतो. आणि लोकरीच्या वस्त्राविषयीं म्हणतो कीं, जें निसरडें, जणूं ओलें असल्यासारखें लागतें, सूक्ष्म आणि मृदु असतें तें श्रेष्ठ. 'जणूं ओलें' हा शब्दप्रयोग खजिन्याच्या अधिकाऱ्याचा आहे, कवीचा नव्हे. उंची लोकरीवरून ज्यानें एकदां हात फिरविला आहे त्यास तो तात्काळ पटेल, आणि ज्यानें ती केवळ पाहिली आहे त्यास तो कधींही सुचणार नाहीं.

अमरसिंहानें वस्त्रांच्या योनी चार सांगितल्या: साल, फळ, कृमि आणि रोम. हें वर्गीकरण मुळावरून झालें. पण मागावरून नुकत्याच उतरलेल्या कोऱ्या वस्त्राला तो 'अनाहत' म्हणतो, म्हणजे परटाचा हात ज्यास अद्याप लागला नाहीं, जें आपटलें गेलें नाहीं असें. कोऱ्या कापडाची करकर ज्याला ठाऊक आहे त्यानेंच हा शब्द घडविला असला पाहिजे. मराठींतही हा कोश लहान नाहीं. तलम, भरड, खरखरीत, चोपडें, सुळसुळीत, झिरझिरीत, लुसलुशीत, दाट विणीचें, विरविरीत. आणि या सर्वांना पोटांत घेणारा 'पोत' हा एक शब्द. 'पोत पाहूं' म्हणून दुकानांत बाई कापडाचा कोपरा अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें धरून चोळते, तेव्हां ती डोळ्यांनीं पाहत नसते. आम्ही भाषाशिक्षक मात्र 'पोत' हा शब्द साहित्याच्या परीक्षणांत वापरूं लागलों आणि कापडाच्या परीक्षणांतून तो नाहींसा होऊं दिला.

शास्त्रानें या बाबतींत आमची थोडी दिशाभूल केली हेंही कबूल केलें पाहिजे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत स्पर्श तीनच: शीत, उष्ण, आणि अनुष्णाशीत. पृथ्वीचा तो अनुष्णाशीत. या हिशेबानें शालू आणि गोणपाट एकाच खान्यांत पडतात. मृदुत्व व कठिणत्व यांचा विचार इतरत्र आहे, पण तो ओझरता. सोनें हें तैजस द्रव्य, म्हणून त्याचा स्पर्श उष्ण असावयास हवा. तसा तो लागत नाहीं, तेव्हां पार्थिव भागांनीं तो दबला आहे असें समाधान सांगावें लागतें. पौषांतल्या पहाटे जरीचा पदर अंगावर घेणाऱ्या कोणाही गृहिणीनें या समाधानाला हंसून उत्तर दिलें असतें. आणि सर्वांत आश्चर्य हें कीं, कारणाचे तीन प्रकार समजावून देतांना हेच तार्किक दरवेळीं पट हाच दृष्टांत घेतात. तंतु हें समवायि कारण, तंतूंचा संयोग हें असमवायि, तुरी व वेमा हें निमित्त. शतकानुशतकें पाठशाळांतून कापड विणलें गेलें तें असें, तोंडानें. आणि विणणाऱ्याच्या मागाजवळ जाऊन त्या पटाला हात लावावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आमच्या शास्त्रीमंडळींस 'स्पर्श' म्हटला कीं पहिल्यानें विटाळ आठवे. ज्यांच्या हातीं हें ज्ञान होतें त्यांच्याजवळ बसण्याचीच जेथें बंदी, तेथें तें ज्ञान पोथींत उतरणार कसें?

हा सर्व विचार आमच्या मनांत उभा राहिला तो एका वस्त्रप्रदर्शनामुळें. तेथें जुन्या पैठण्या मांडल्या होत्या. मांडणी नीटनेटकी, प्रकाश बेताचा, कांचा स्वच्छ. प्रत्येकीखालीं चिठ्ठी: रेशीम व जर, अमुक शतक, आसवली नक्षी, रेशीम व जर, बांगडी मोर, काठ नारळी, पदरावर मुनिया. माहितीपत्रांतही चार पानें नक्षीच्या नांवांत खर्ची पडलीं होतीं. पैठणी म्हणजे जणूं चित्रांची एक वही, आणि ती कापडावर काढलेली आहे ही गोष्ट केवळ योगायोगाची. पेरिप्लसमध्यें पैठणच्या वस्त्रांची कीर्ति गायिली आहे असेंही त्यांत एक वाक्य होतें. हें वाक्य अनेक ठिकाणीं आढळतें म्हणून येथें सांगून टाकतों: पहिल्या शतकांतील त्या ग्रीक प्रवासपुस्तकांत पैठणहून भडोचेस सुलेमानी जातीचे खडे जात असें म्हटलें आहे, कापड, साधें आणि तलम, जात असे तें तगराहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेरहून. पैठणीचा मोठेपणा सिद्ध करण्यास या उसन्या दाखल्याची गरज नाहीं.

तिचा मोठेपणा कशांत आहे हें आम्हांस येवल्यास एका वृद्ध विणकराच्या घरीं समजलें. त्यांनीं दोन लुगडीं आमच्यापुढें ठेविलीं. दोन्हीं हिरवीं, दोहोंच्या पदरावर मोर. आम्हीं चष्मा सांवरून न्याहाळावयास सुरुवात केली तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, डोळे मिटा, आणि उलटी बाजू बोटानं बघा." एका पदराच्या पाठीवर बोट पदोपदीं अडखळलें. एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत रंगीत धागे सुटे लोंबत गेले होते, कांहीं कापून टाकल्यामुळें त्यांचीं टोंकें बोटाला टोंचत होतीं. दुसऱ्यावर बोट सरळ चालत राहिलें. सुलट कोणती, उलट कोणती, हें सांगतां येईना. रंग बदलतो त्या रेषेवर मात्र नखाला किंचित् जाडी जाणवे.

ही जाडी म्हणजेच पैठणीची कुळकथा होय. पदर विणतांना बाण्याचा एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत धांवत नाहीं. प्रत्येक रंगाची लहानशी कांडी वेगळी. तिचा धागा आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्याला कडी घालतो आणि मागें फिरतो. म्हणून पाठीवर कांहीं शिल्लक राहत नाहीं आणि दोन्हीं बाजू सारख्या उतरतात. मोर हा कापडावर बसविलेला नसतो. त्या जागेचें कापडच मोर असतें. तो उपटून काढतां येत नाहीं, कारण त्याच्याखालीं दुसरें कापड नाहीं. इतकें समजल्यावर नक्षीचें नांव मुनिया कीं कमळ हा प्रश्न दुय्यम ठरतो. डोळ्याला हा भेद कळावयास कापड उलटें करावें लागतें. कांचेमागचें कापड उलटें होत नाहीं. बोटाला तो अंधारांतही कळतो.

पदराच्या भूमीचेंही तसेंच. जुनी जर म्हणजे सोन्याचें पाणी दिलेली चांदीची तार. ती चेपून झालेला बादला रेशमी दोऱ्यावर गुंडाळावयाचा. असला कलाबतू फणीनें ठोकून इतका दाट बसवीत कीं, ताण्याचें रेशीम झांकून जाऊन सगळी भूमि सोन्याच्या पत्र्यासारखी होई. असा पदर प्रथम गार लागतो, मग अंगाच्या उबेनें तापतो. त्याला वजन असतें. तो खांद्यावरून खालीं ओढला जातो, त्याची चुणी ठाम पडते आणि मोडत नाहीं. आजच्या हलक्या जरींत कांहीं वेळां प्लास्टिकची चकचकीत पट्टी असते. पिवळेपणांत ती जुनीला हार जात नाहीं, पण हातावर तिला भार नाहीं आणि गारवाही नाहीं. विणकर म्हणाले कीं, गिऱ्हाईक रंग विचारतें, मोर मोजतें आणि जातें. पदर हातावर तोलून पाहणारीं माणसें आतां क्वचित् येतात. तीं माणसें उरलीं नाहींत म्हणजे तोलण्यासारखा पदर विणणारे तरी किती दिवस राहतील, हें त्यांनीं विचारलें नाहीं. आम्हीच घरीं येतांना विचार करीत राहिलों.

स्पर्शाचा हा अधिकार एका ठिकाणीं धर्मशास्त्रानेंही मान्य केला आहे, त्याचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. पूर्वीचें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हिमरूसाठीं प्रसिद्ध, तसें मशरूसाठींही. मशरू या अरबी शब्दाचा अर्थ विहित, अनुज्ञात. मुसलमान पुरुषांस शुद्ध रेशीम अंगास लागूं देणें निषिद्ध. म्हणून ताणा रेशमाचा व बाणा सुताचा घेऊन वीण अशी साधली कीं, वरच्या बाजूस सगळें रेशीम दिसावें आणि त्वचेला सूत लागावें. पाहणारास रेशीम, नेसणारास सूत. हें कापड रेशमी कीं सुती, हा निवाडा तेथें त्वचेनें दिला आणि डोळ्याचें म्हणणें बाजूस ठेविलें.

यावर संग्रहालयांच्या व्यवस्थापकांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि तें खरें आहे. हाताला घाम असतो, घामांत मीठ. त्यानें चांदी काळवंडते. जुनें रेशीम घडीवर तुटतें. शंभर माणसांनीं शंभर वेळां पोत पाहिला तर पाहण्यासारखा पोतच राहणार नाहीं. ज्या स्पर्शानें वस्त्र कळतें त्याच स्पर्शानें तें झिजतें. तेव्हां 'हात लावूं नये' ही पाटी काढा असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. हात लावतां येत नाहीं म्हणून हाताला काय लागतें हें लिहूनही ठेवावयाचें नाहीं, हें कोठलें शास्त्र?

या कामीं एक पूर्वोदाहरण आहे, आणि तें आपणांस लाजविणारें आहे. १८६६ सालीं लंडनच्या इंडिया ऑफिसांतील जॉन फोर्ब्स वॉटसन यांनीं हिंदुस्थानच्या कापडांचे अठरा खंड तयार करविले. त्यांत चित्रें नव्हतीं. प्रत्यक्ष कापडाचे सातशें नमुने कापून चिकटविले होते, आणि प्रत्येकाबरोबर लांबी, रुंदी, वजन, ठिकाण अशी माहिती दिली होती. असे वीस संच झाले. तेरा विलायतेंत ठेविले, सात इकडे आले. हेतु उघड होता: येथील लोकांस काय नेसावयास आवडतें तें तिकडील गिरणीवाल्यांनीं ओळखावें आणि तसें विणून येथें विकावें. हेतूची निंदा कितीही केली तरी एक गोष्ट राहतेच. कापड चित्रावरून कळत नाहीं, हातांत धरावें लागतें, हें आपला धंदा घेऊं पाहणारास समजलें होतें. त्या धंद्याचा अभिमान सांगणाऱ्या आम्हांस समजलें नव्हतें. वॉटसनच्या खंडांत दोषही आहे. वीतभर तुकड्याला पोत असतो, पण त्याला चुणी नाहीं, झोक नाहीं, खांद्यावरचा भार नाहीं. पैठणीचा तुकडा ही पैठणी नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, जेथें जुनें वस्त्र कांचेमागें आहे तेथें त्याच विणीचें नवें वस्त्र, त्याच प्रतीच्या जरीचा हातभर पदर कां होईना, शेजारीं उघडें ठेवावें व लोकांनीं तें चोळून झिजविलें म्हणजे दुसरें विणून घ्यावें. खर्च होईल, विणकराच्या घरीं तितकेंच काम जाईल. आणि नोंदवहींत 'स्पर्श' असा एक रकाना घालावा. त्यांत वजन, इंचांतील ताण्याबाण्याची संख्या, पीळ, खळ, कुंदी हें मोजून लिहावें, आणि विणणाराचे व नेसणारीचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. जुन्या यादींत वस्त्राचें नांव, रंग, नग आणि किंमत असते. लागतें कसें हें कारकुनानें लिहिलें नाहीं, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला तें ठाऊक होतें. आतां ठाऊक असलेले हात थोडे राहिले आहेत.

यांत आमचा स्वतःचा अपराधही सांगणें प्राप्त आहे. आमच्या आजींची पैठणी, जी त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून मिळाली होती, ती आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्रहास दिली. देतांना भरावयाच्या कागदांत रंग, लांबी, नक्षी, अंदाजें काळ असे रकाने होते. 'कशाचें' या रकान्यांत आम्हीं बेधडक 'रेशीम व जर' असें लिहिलें. पैठणी रेशमाचीच असावयाची, त्यांत पाहण्यासारखें काय? प्रदर्शनाहून आल्यावर आम्हीं आमच्या वडील भगिनींस सहज विचारलें कीं, आजींची पैठणी हाताला कशी लागत असे, तुला आठवतें काय? त्यांचें वय आज सत्तर उलटून गेलें आहे. त्या चटकन् म्हणाल्या, "अरे, रेशीम कसलं? पदर तेवढा रेशीम न् जर. अंग सुताचं होतं. मांडीवर निजवायची तेव्हां गालाला चिकटायचं नाही, घाम टिपून घ्यायचं."

आम्ही तसेच संग्रहाच्या अधिकाऱ्यांकडे गेलों. त्यांनीं कुरकुर न करितां पैठणी बाहेर काढली, हातमोजे घालून घडी उलगडली, आणि आंतल्या अंगाचा एक तुटका धागा सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. रेशमाचा तंतु गुळगुळीत दिसतो. हा पिळलेल्या फितीसारखा दिसला. सूतच होतें, अतिशय बारीक आणि कुंदी केलेलें, म्हणून कांचेमागें रेशमासारखें चकाकत होतें. जुन्या पैठण्यांचें अंग कित्येकदां सुती असे, हें आम्हीं वाचलेलें होतें. घरच्या पेटींत तें असेल असें मनांतही आलें नव्हतें. चिठ्ठी बदलली गेली. नव्या चिठ्ठींत स्पर्शाविषयीं एक ओळ घालावयास अधिकारी तयार झाले आणि ती आम्हींच सांगावी असें म्हणाले. आम्हीं घरीं येऊन मृदु, स्निग्ध, मसृण, श्लक्ष्ण असे शब्द एका कागदावर मांडले, खोडले, आणि भगिनींनाच पुनः विचारलें. त्यांनीं सांगितलें तेंच कळविलें आहे: अंग धुवट धोतरासारखें मऊ, पदर जड आणि गार.